[मंडळ] मैदान: उजवा स्पिंडल बदलला, तरी गवताची पट्टी राहतेच. शनिवारच्या आत उपाय हवा

भाऊ (मैदान समिती), मंगळवार रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

आपल्या गवत कापायच्या यंत्राचा उजवा स्पिंडल (पातं फिरवणारा उभा आस) काल बदलून झाला. जुन्याचं खालचं बेअरिंग पार गेलं होतं, हाताने फिरवलं तरी खरखर ऐकू यायची. पट्टा काढला, कप्पी काढली, डेकवरचे (पात्यांवरच्या पत्र्याच्या कवचावरचे) बोल्ट सोडले, नवीन स्पिंडल बसवून बोल्ट समोरासमोरचे आवळले. पाती तिन्ही बदलली. दोन नवीन आणली, तिसरं शेडमध्ये कोरं पडून होतं तेच लावलं. पट्टा डेकवरच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे ओवला. ब्लेड मोकळी चालवून पाहिली, आवाज एकदम गोड आहे.

पण गवत कापल्यावर मधल्या आणि उजव्या पात्याच्या मधोमध एक पट्टी उभीच राहते. पूर्ण मैदानावर, प्रत्येक फेरीत. मागच्या वर्षी गणपतीआधी झालं होतं तसं नाही, तेव्हा सगळंच ओबडधोबड होतं. या वेळी बाकी सगळं गालिच्यासारखं आणि मध्ये ही एक रेघ.

शनिवारी ढोल पथकाचा सराव आहे, लेझीमची मुलं अनवाणी असतात. कुणाला काही सुचतंय का?

भाऊ

*

नाना, मंगळवार रात्री ११.०५

भाऊ,

स्पिंडलला हात लावला की डेकची लेव्हल पुन्हा बघावीच लागते. कामाचा क्रम असा ठेव. पहिल्यांदा चाकांतली हवा. मागच्या दोन्ही चाकांत १३ पौंड हवी, आपल्या उजव्या चाकातली नेहमी उतरते. मग मशीन सिमेंटवर घे. हिरवळीवर मोजलंस तर काहीच खरं येणार नाही. पाती आडवी वळव आणि डावं टोक, उजवं टोक जमिनीपासून मोज. डेकच्या पत्र्यापासून मोजू नकोस, पत्रा ठोकर खाऊन वाकलेला असतो. दोन बाजूंत एक सुतापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) जास्त फरक नको. मग पाती उभी कर. पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते दोन सूत खाली हवं. मागची बाजू खाली गेली तर कापलेलं गवत पातं पुन्हापुन्हा चघळतं, इंजिन दमतं आणि काप फाटका येतो.

पात्याचा बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळलास ना? आपल्या पुस्तिकेत ७५ ते ८० फूट-पौंड आहे. अंदाजाने आवळू नकोस. आणि पात्याचा पंख, म्हणजे वाकवलेली कड, वर डेककडे हवी. उलटं बसलं तर गवत कापत नाही, झोपवतं.

नाना

*

खजिनदार, बुधवार सकाळी ७.१५

भाऊ, स्पिंडल आणि दोन पात्यांचं बिल मला मिळालेलं नाही. खर्च किती, कुणाला विचारून केला? जूनच्या बैठकीत ठरलं होतं की यंत्रावरचा कोणताही खर्च आधी कळवायचा. शेडची दुसरी किल्लीही अजून परत आलेली नाही. पट्टी राहत असेल तर या वेळेपुरता बाहेरचा माणूस बोलवावा असं माझं मत आहे.

*

सचिव (ताई), बुधवार सकाळी ८.४०

तिन्ही पाती एकाच लांबीची आहेत का? तिसरं शेडमधलं म्हणालात म्हणून विचारते.

*

भाऊ, बुधवार संध्याकाळी ६.५०

खजिनदारसाहेब, पैसे सध्या माझ्या खिशातून गेले आहेत, बिल रविवारी देतो. बेअरिंग फिरवताना ठिणग्या पडायच्या बाकी होत्या, बैठकीची वाट बघत बसलो असतो तर स्पिंडलचं घर फुटून डेकच गेलं असतं. बाहेरचा माणूस नको. मागे एकाला बोलावलं होतं, त्याने पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीत चाकांच्या चाकोऱ्या पाडल्या. त्या बुजवायला आम्ही तिघे दोन रविवार घाम गाळत होतो. इथली काळी चिकण माती म्हणजे आपल्या सोलापूरकडच्यासारखी, ओली असताना पाय ठेवला तर ठसा महिनाभर राहतो.

नाना, तुम्ही बरोबर होतात, उजव्या मागच्या चाकात सहा पौंडच हवा होती. १३ केली. लेव्हल केली. डावी-उजवी अर्ध्या सुतात, पुढचं टोक दीड सूत खाली. बोल्ट टॉर्क पान्याने. पंख वर. दोन आडव्या फेऱ्या मारल्या. काप आणखी सुरेख आला, पण पट्टी आहेच.

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. सरळ जाताना पट्टी दोऱ्याएवढी बारीक असते. उजवीकडे वळलो की बोटभर रुंद होते. डावीकडे वळलो की नाहीशी.

भाऊ

*

अप्पा, बुधवार रात्री ९.३०

भाऊ, धार बघ. माझं सगळं आयुष्य धारेत गेलं. आमचं गाव किर्लोस्करवाडी स्टेशनपासून चार कोसांवर. किर्लोस्करांनी बेळगावात असतानाच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला सुरुवात केली होती, १९१० मध्ये वाडी वसली. आमच्या गोठ्यात त्यांची कडबाकुट्टी होती. चाकावर दोन पाती, समोर एक स्थिर पट्टी. आजोबा पात्याची धार आणि त्या पट्टीमधली फट कागद सरकवून बघायचे. कागद कापला गेला तरच बैलांना कडबा. धार बोथट असेल तर कडब्याचं ताट कापलं न जाता चिरडतं आणि तोंडाला तंतू लागतात म्हणून बैल खात नाही.

नवीन पातं म्हणून विश्वास ठेवू नकोस. दुकानातून येतं ते फक्त खरडलेलं असतं. कानस घे आणि हाताने धार लाव.

अप्पा

*

नाना, बुधवार रात्री १०.१०

अप्पा, तुमच्या कडबाकुट्टीबद्दल आदर आहे, पण हे यंत्र त्या तत्त्वावर चालत नाही. कडबाकुट्टीत दोन कडा एकमेकींवरून सरकतात, म्हणजे ती कात्री आहे. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पहिलं पेटंट घेतलं. कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं आणि तीही कात्रीच. आपल्या डेकमध्ये समोर स्थिर पट्टीच नाही. गवताची काडी नुसती उभी असते आणि पातं तिला वेगाने छाटतं. काडीला मागे हटायला वेळच मिळत नाही, म्हणून ती कापली जाते.

आपलं २१ इंची पातं मिनिटाला सुमारे ३,३०० फेरे फिरतं. म्हणजे टोकाचा वेग मिनिटाला १८,००० फुटांवर, ताशी दोनशे मैल. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकाने टोकाच्या वेगावर १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, कंपन्या तिच्या जवळ जातात ते यासाठीच. धार हवीच, त्याबद्दल दुमत नाही. धार नसेल तर शेंडा फाटतो आणि दोन दिवसांनी मैदान करड्या रंगाचं दिसतं. पण धार गेली तर ती तिन्ही पात्यांखाली दिसेल, एकाच रेघेत दिसणार नाही.

आणि ग्राइंडरवर धार लावताना कुणी पातं निळं पाडू नका. निळं पडलं की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, ते पातं टाकून द्यायचं. धार लावल्यावर खिळ्यावर टांगून तोल बघायचा. जड बाजू खाली झुकली तर त्या बाजूला पाठीकडून घासायचं. हा आपला उजवा स्पिंडल गेला तो तोल न बघितल्यामुळेच, असं मला वाटतं.

नाना

*

माई, गुरुवार सकाळी ६.३०

स्पिंडल स्पिंडल काय चाललंय? आपल्याकडे त्याला चाती म्हणतात. चरख्याची चाती. माझी आई चातीला तेल घातल्याशिवाय सूत काढायला बसत नसे. मुलं ऐकतात, वाचतात, तर शब्द वापरा.

दुसरं. मागच्या महिन्यात यंत्राच्या उजव्या बाजूचं झाकण, जिथून गवत बाहेर उडतं तिथलं, काढून ठेवलेलं मी पाहिलं. गवत अडकतं म्हणून काढलं असं कुणीतरी म्हणालं. ज्याने काढलं त्याने शनिवारच्या आत लावावं. माझी नातवंडं त्या मैदानावर असतात.

*

दादा (ढोल पथक), गुरुवार दुपारी १२.४५

माई, झाकण मी लावलं आहे, मंगळवारीच. काढलं होतं तेही मीच, चूक झाली. त्याच्या आदल्या आठवड्यात एक खडा उडून कुंपणाच्या पत्र्याला पोचा पडला, तेव्हा डोळे उघडले. आता ते झाकण कुणी काढलं तर पथक त्या दिवशी मैदानावर येणार नाही, हे मी समितीला सांगून ठेवतो.

भाऊ, मला वाटतं डेकच्या आत माती आणि गवताचा थर बसलाय. हवा फिरत नसेल तर गवत वर उचललं जात नाही. माझ्याकडे पाण्याचा प्रेशरवाला पंप आहे, शुक्रवारी आणतो, खालून झोडपून काढू.

*

नाना, गुरुवार दुपारी २.००

प्रेशरचं पाणी अजिबात नको! नवीन चातीच्या सीलमध्ये पाणी घुसलं की ग्रीस धुऊन निघतं आणि दोन महिन्यांत आपण पुन्हा इथेच. थर काढायचा तो लाकडी पट्टीने किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने, कोरडा असताना. वरच्या बाजूला, कप्प्यांभोवती, हवा मारायची. ग्रीस पंप पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून आधी निपल (ग्रीस भरायचं तोंड) पुसायचं.

थराचा मुद्दा मात्र दादाचा योग्य आहे. आतला थर जाड झाला की हवेचा झोत मरतो. पण तेव्हाही पट्टी अशी एका जागी येत नाही.

उजवीकडे वळताना रुंद, डावीकडे वळताना गायब. हे मला झोपू देत नाही. मधलं पातं बाकी दोघांच्या पुढे असतं. उजवीकडे वळताना ते बाहेर, म्हणजे डावीकडे सरकतं आणि उजव्या पात्यापासून दूर जातं. डावीकडे वळताना उलट. म्हणजे त्या दोन पात्यांचं एकमेकांवर चढणं संपलेलं आहे. चाती वाकडी बसली का? बोल्टच्या भोकात हललीय का?

*

अप्पा, गुरुवार दुपारी ३.२०

माई, चाती शब्द उत्तम. आमच्याकडे रहाटाच्या आसालाही वेगळा शब्द होता, आठवला की कळवतो.

*

सचिव (ताई), गुरुवार संध्याकाळी ७.३५

मी ऑफिसातून येताना शेडवर गेले. दुसरी किल्ली माझ्याकडेच होती, खजिनदारांनी नोंद घ्यावी.

आधी चावी काढली, ब्रेक लावला, दोन्ही स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या. हातमोजे घातले. डेक सगळ्यात वर उचलून खिट्टी लावली आणि टॉर्च घेऊन बाजूने पाहिलं. पात्याचं टोक आणि डेकची मागची भिंत यांतलं अंतर डावीकडे अर्धा इंच आहे. उजवीकडे दोन इंच. मग टेपने पाती मोजली. डावं २१ इंच. मधलं २१ इंच. उजवं १८ इंच.

ते कोरं पातं आपल्या जुन्या ५२ इंची यंत्राचं आहे. यंत्र गेल्या वर्षी विकलं, पातं शेडमध्ये राहिलं. मधलं भोक दोघांचं पाच-अष्टमांश इंचाचंच, म्हणून ते निमूट बसलं.

हिशेब असा आहे. शेजारच्या दोन चात्यांमध्ये आडवं अंतर साडेएकोणीस इंच. दोन्हीकडे २१ इंची पाती असली तर दोघांच्या त्रिज्या मिळून २१, म्हणजे दीड इंच एकमेकांवर चढतं. उजवीकडे १८ इंची असलं तर साडेदहा अधिक नऊ, बरोबर साडेएकोणीस. चढणं शून्य. सरळ जाताना दोरा, उजवीकडे वळताना बोट. शिवाय तेवढ्याच फेऱ्यांना १८ इंची टोकाचा वेग मिनिटाला १५,५०० फुटांच्या आसपास येतो, त्यामुळे तिथलं गवत उचललंही कमी जात असणार.

उजव्या कडेलाही दीड इंच कमी कापलं जातंय. ते दिसलं नाही कारण भाऊ पुढची फेरी त्यावर चढवून मारतात.

कालच हा प्रश्न विचारला होता, उत्तर आलं नाही. पुढच्या वेळी कुणी पातं लावेल त्याने लांबी मोजून शेडच्या वहीत लिहावी. वही मी आज तिथे टांगली आहे, पेन्सिल दोरीला बांधून.

*

भाऊ, गुरुवार रात्री ८.१०

ताई, तुमचा मेल मी कामावर वाचला होता आणि पाती तर सारखीच दिसतात असं मनात म्हणून पुढे गेलो. मनापासून माफी मागतो. पात्यावर नवा काळा रंग होता, दुसऱ्या दोघांसारखाच, आणि डेकखाली वाकून मी फक्त पंख वर आहे का एवढंच पाहिलं.

उद्या दुपारी सुट्टी घेऊन २१ इंची पातं आणतो. खजिनदारसाहेब, हा खर्च आधीच कळवतोय. तीन आणतो, एक बसवतो, उरलेली दोन राखीव म्हणून शेडमध्ये राहतील, त्यांवर मी पांढऱ्या रंगाने ६० लिहीन, आपलं यंत्र ६० इंची म्हणून. १८ इंचीवालं घरी घेऊन जातो, शेडमध्ये ठेवत नाही.

बसवल्यावर मशीन अर्ध्या थ्रॉटलवर दोन मिनिटं मोकळं चालवीन, मग बंद करून बोल्ट पुन्हा तपासतो. ब्लेडचा खटका बंद केल्यावर पाती पाच सेकंदांत थांबतात का तेही मोजतो. जास्त लागले तर क्लचकडे बघायला लागेल.

*

नाना, गुरुवार रात्री ८.४०

ताई, शाब्बास. आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट, आणि मीच सुतात अडकलो.

भाऊ, तिन्ही पाती एकाच दुकानातून, एकाच नंबरची आण. कापायची उंची साडेतीनच्या खुंटीवरून एकदम दोनवर आणू नकोस. आपलं बर्म्युडा गवत एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापलं की खालचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि या उन्हात ते भाजतात. शुक्रवारी एकदा काप, शनिवारी सकाळी दव वाळल्यावर आडवं एकदा. मी साडेनऊला येतो, माझा टॉर्क पाना घेऊन.

*

खजिनदार, गुरुवार रात्री ९.०५

तीन पात्यांना मंजुरी. दोन्ही बिलं रविवारी. किल्ली ताईंकडे राहू दे.

*

दादा (ढोल पथक), गुरुवार रात्री ९.२०

सराव शनिवारी दहाऐवजी साडेअकराला. पालकांनी मुलांना त्याआधी मैदानावर सोडू नये, नाना आणि भाऊ मशीन शेडमध्ये ठेवून कुलूप लावतील तेव्हाच ढोल गाडीतून उतरतील.

*

अप्पा, गुरुवार रात्री ११.५०

आठवला. कणा. रहाटाचा कणा.