प्रतिसाद: अंतर आणि उड्डाणाचा वेळ

वरच्या पोस्टमध्ये दोन विमानतळांमधल्या किमी अंतराला ९०० ने भागून उड्डाणाचा वेळ काढलाय, तो प्रत्यक्षात जुळणार नाही. ताशी ९०० किमी हा विमानाचा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग. जमिनीवरून मोजलेला वेग वाऱ्यानुसार बदलतो. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके साधारण ५,५४० किमी. सरासरी ताशी १०० किमीचा वारा समोरून असेल तर ५,५४० ÷ ८०० म्हणजे ६ तास ५५ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, ५,५४० ÷ १,००० म्हणजे ५ तास ३२ मिनिटं. अंतर तेच, फरक जवळपास दीड तासाचा! हिवाळ्यात जेट स्ट्रीम (खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा) जोरात असल्यानं हा फरक आणखी वाढतो.

यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण आणि उतरण धरलेली नाही. वेळापत्रकातली वेळ गेट ते गेट असते, म्हणून किमान अर्धा-पाऊण तास वर धराच.

दोन चुका हमखास होतात. आकडा नॉटिकल मैलात असतो आणि आपण किमी समजतो (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). दुसरी, तिकिटावरच्या वेळा थेट वजा करणं. त्या दोन्ही स्थानिक असतात. आधी यूटीसीत (जगभरासाठीची एकच प्रमाण वेळ) आणा, तारखेसकट, मगच वजाबाकी करा.