मदत हवी आहे: जर्मनीहून आलेलं वॉशिंग मशीन नागपूरच्या जुन्या घरात कसं लावू?

शुभदा_महाल
नमस्कार. विजेतलं कळणाऱ्या कुणीतरी जरा नीट सांगा, घरात रोज नवं मत ऐकून डोकं पिकलंय.

दीर-जाऊ जर्मनीहून कायमचे परत आले. सामानात त्यांचं फ्रंट लोड मशीन होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ते आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात येऊन पडलंय. मशीन चांगलं आहे, टाकवत नाही. दाराच्या आतल्या कडेला पट्टी चिकटवलीय, तिच्यावर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २००० वॅट, १० अँपिअर. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगैरे लागणार नाही, इथवर मला कळतं.

अडलंय प्लगपाशी. दोनच गोल, जाडसर पिना. तिसरी पिन नाही, त्याऐवजी प्लगच्या दोन्ही अंगांना पितळी पट्ट्या. न्हाणीघराबाहेरच्या साध्या पाच अँपिअरच्या पॉइंटमध्ये जोर लावला की बसतो. मिस्त्री म्हणाला, "बसून राहिला ना वहिनी, मग लावा बिनधास्त." सासऱ्यांचं म्हणणं, आधी स्टॅबिलायझर आणा, कारण नळ आले की गल्लीभर टुल्लू पंप सुरू होतात आणि आमचे दिवे पिवळे पडतात. उन्हाळ्यात कूलर लागले की विचारूच नका.

घर जुनं, वायरिंगही जुनं. मीटरजवळच्या बोर्डावर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. प्लग कापून आपला लावू का? पॉइंट बदलावा लागेल का? आणि स्टॅबिलायझर हवाच का?

निवृत्त_तारतंत्री
ताई, प्लग लावला असेल तर आधी काढा. आत बसला म्हणजे जमला असं नाही. जर्मन प्लगचं अर्थिंग त्या पितळी पट्ट्यांतून होतं. त्यांच्याकडचं सॉकेट खोलगट असतं, आतल्या कडेचे स्प्रिंगचे चिमटे त्या पट्ट्यांना धरतात. आपल्या सॉकेटमध्ये पट्ट्यांना टेकायला काहीच नाही, वरचं मोठं भोक रिकामंच राहतं. मशीन फिरेल, कपडे धुईल, पण अर्थिंगशिवाय. आत कुठं गळती झाली की पत्र्यात करंट, आणि तुम्ही ओल्या फरशीवर उभ्या.

दुसरं, २००० भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअर. मोटरीला एवढं लागत नाही, पाणी तापवणारा हीटर खातो, तोही बराच वेळ सलग. तुमच्या त्या पॉइंटमागे बहुधा दिव्या-पंख्याचीच बारीक वायर असेल. सॉकेट आधी तापेल, मग वास येईल.

बोर्डापासून थेट वेगळी लाइन ओढून घ्या, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, अंतर जास्त असेल तर ४. तिला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), टोकाला १६ अँपिअरचा पॉइंट. जर्मन प्लग कापून १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप लावा. मशीनच्या वायरीत तपकिरी ती फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ, ती मोठ्या पिनेला. टॉपच्या आत हिरवी-पिवळी जराशी लांब सोडायला सांगा, वायर ओढली गेलीच तर तीच सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

कूलरवाला_भाऊ
काका, एवढं काहून घाबरवून राहिले? आमच्याकडे मोठ्या प्लगला छोटा करायचा कन्व्हर्टर लावलाय, मशीन मस्त चालून राहिली.

निवृत्त_तारतंत्री
तुझी बिनहीटरची टॉप लोड असेल भाऊ, ती चारशे-पाचशे वॅटवर भागवते. त्याच कन्व्हर्टरवर गीझर लावून पाहा. म्हणजे, नकोच पाहू.

शुभदा_महाल
काका, आभार. भाच्याकडे मल्टिमीटर होता. स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटवर त्याला मोजायला लावलं. फेज-न्यूट्रल २१२, फेज-अर्थ १३८, न्यूट्रल-अर्थ ७४. हे ठीक आहे का?

निवृत्त_तारतंत्री
ठीक नाही. फेज-अर्थसुद्धा २१२ च्या आसपास यायला हवं होतं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर जायला नको होतं. अर्थची वायर कुठं तरी तुटलीय, नाही तर पिटच मेलाय, म्हणजे इलेक्ट्रोड पुरलेला अर्थिंगचा खड्डा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि जुन्या घरांत पिटला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कधीकधी अंगणात फरशी घालताना पिट खाली गाडलाही जातो. आधी तो शोधा.

आता नीट ऐका. मिस्त्री म्हणेल, "सॉकेटमध्येच लूप मारून देतो", म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ आतल्या आत जोडून देतो. मीटरवर आकडे झकास दिसतील. पण उद्या न्यूट्रल तुटला तर त्याच लूपमधून मशीनच्या पत्र्यावर फेज उतरेल. हे कुणालाही करू देऊ नका.

किटकॅटचा बोर्ड तर काढाच. जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की यंत्र बंद पडतं, माणसाला वाटतं वीज गेली, पण आत फेज जिवंत असते. नव्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. न्हाणीघरालगतच्या पॉइंटवर त्यात काटकसर नको.

प्रतापनगरचा_इंजिनीअर
स्टॅबिलायझरचं मी सांगतो. कमी व्होल्टेजनं हीटर बिघडत नाही, नुसता मंदावतो. १९० वर त्याची ताकद दोन तृतीयांशाच्या थोडी वर उरते, पाणी तापायला तेवढा जास्त वेळ. खरी भीती वर चढणाऱ्या व्होल्टेजची. तीन फेजच्या लाइनवर खांबाशी न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात ते चारशेच्या जवळ पोचू शकतं, आणि पहिलं मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळतं. त्यामुळे घ्यायचाच तर ३ केव्हीएचा, व्होल्टेज वर गेलं की लाइन तोडणारा घ्या.

पण आधी मोजा. नळाच्या वेळी, भर दुपारी कूलर चालू असताना आणि मध्यरात्री. २०७ ते २५३ च्या आत राहत असेल तर पैसे अर्थिंगवर घाला. सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, क्रम उलटा आहे.

अवांतर: पाण्याची टाकी मशीनपेक्षा किती उंच आहे? या मशीनना पाण्याला दाब लागतो, आणि टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठं एक बार मिळतो. कमी पडला तर पाणी येत नसल्याची खूण दाखवून मशीन थांबेल, आणि सगळे विजेला दोष देतील.

शुभदा_महाल
टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, मशीन तळमजल्यावर. पुस्तिकेत किमान दाब ०.५ बार लिहिलाय, म्हणजे निभेल बहुतेक.

मिस्त्रीला लूपचं विचारलं. म्हणाला, "सगळेच मारतात वहिनी." आता दुसरा शोधतेय.

निवृत्त_तारतंत्री
परवानाधारक ठेकेदारच पाहा. येताना अर्थ टेस्टर घेऊन या म्हणावं, नव्या पिटचा रोध ५ ओहमच्या आत मोजून दाखवा. त्यानं खिशातून मल्टिमीटर काढला आणि यावरच पिटचे ओहम मोजतो म्हणाला, तर तिसरा शोधा.