मदत हवी आहे: बीकेसी होण्याआधीची जागा कोणी पाहिली आहे का?

नमस्कार मंडळी. भाचीला कॉलेजात वांद्रे-कुर्ला संकुलावर (म्हणजेच बीकेसीवर) प्रकल्प करायचाय आणि मामा म्हणून मी त्यात ओढला गेलोय.

कागदावरचं बरंचसं मिळालं. दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंटवरचा कार्यालयांचा ताण कमी व्हावा म्हणून 1977 साली एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमच्या खाडीकाठची सुमारे 370 हेक्टर सखल जमीन, त्यात भराव टाकून हे सगळं उभं राहिलं. पुढे संकुलाच्या जी ब्लॉकमध्ये राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई) आला, बँका आल्या, 2010 मध्ये हिरे बाजार सुरू झाला. आता तिथे चहाच्या किमतीत आमच्याकडे जेवण होतं, असो.

अडलंय ते आधीच्या चित्रापाशी. कलानगर, खेरवाडी, कुर्ला भागात 80 च्या दशकात राहिलेलं कोणी आहे का इथे? भरती आली की पाणी कुठवर यायचं? खारफुटी किती होती? भरावाचे ट्रक कोणी पाहिलेत? आणि 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला त्या दिवशी, तुमच्या गल्लीत मिठीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं?

जुना फोटो असेल, भले मुंजीचा का असेना पण मागे दलदल दिसतेय, तर फारच उत्तम. आठवणी इथेच लिहा, फोटो मेसेजमध्ये पाठवा. पुढच्या सोमवारी जमा करायचंय.