सिंगापूरच्या कॅसिनोत वडिलांना नेताना

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही सिंगापूरला जात असून मरिना बे सँड्सचा कॅसिनो पाहण्याची वडिलांची फार इच्छा आहे, तेथील प्रवेशाचे नियम काय आहेत आणि रूलेट (फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैज लावण्याचा खेळ) खेळणे कितपत योग्य ठरेल?

प्रतिसाद : वय किमान २१ वर्षे हवे आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. परदेशी पाहुण्यांना प्रवेशशुल्क नाही; नागरिकांना मात्र जुगाराच्या नादापासून दूर ठेवण्यासाठी २४ तासांना १५० सिंगापूर डॉलर आकारले जातात.

प्रतिसाद : एका शून्याच्या चाकावर ३७ घरे असतात, पण अचूक आकड्याला नफा ३५ पटच मिळतो, त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी २.७ कॅसिनोकडे राहतात. दोन शून्ये असल्यास ५.२६. काकांकडे ठरावीक रोकडच द्यावी आणि कार्ड हॉटेलवर ठेवावे, ही कळकळीची विनंती.