मदत हवी आहे: राजा-प्याद्यांचे अवघड शेवट

अमळनेरला दहा-बारा वर्षांच्या सहा मुलांना बुद्धिबळ शिकवतो. रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूची १९२१ची रचना लावली: पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. खेळी पांढऱ्याची, डाव बरोबरीत. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका येतो आणि एकाच वाटेवर काळ्या प्याद्याचा पाठलाग आणि आपल्या प्याद्याला आधार, अशी दोन्ही कामं साधतो. पोरं थक्क झाली! प्याद्याचा चौकोन (राजा पळत्या प्याद्याला गाठेल का, हे दाखवणारा), समोरासमोरचे राजे (मध्ये एक घर सोडून उभे, ज्याची खेळी त्याला हटावं लागतं) पक्के आहेत. पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५, ज्याची खेळी तो हरतो, हेही झालं. संगणक नाही, फक्त पट. एकूण सहापर्यंत प्यादी चालतील, पण पहिली अचूक खेळी एकच हवी. आता तीन विरुद्ध तीन प्याद्यांची फोड (प्यादी बळी देऊन एकाला वाट मोकळी करणं) घेऊ, की आधी दुसरं काही? घरांसकट मांडणी सांगाल का?