पानं उचलायला कोणी येत नाहीये (न्यू जर्सीतल्या एडिसनच्या सोसायटीचा मराठी ग्रुप, ऑक्टोबर २०२५)

वैशाली: मंडळी नमस्कार 🙏 दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, आता जरा कामाचं बोलू. सी बिल्डिंगसमोर पानांचा नुसता चिखल झालाय, काल पावसात आमच्या सासूबाई घसरता घसरता वाचल्या. एचओए फी (सोसायटीचा मेंटेनन्स) वाढवलीत ना यंदा? मग पानं कोणी उचलायची?

हेमंत: ताई सी बिल्डिंगसमोर पानांपेक्षा पाहुण्यांच्या गाड्याच जास्त होत्या, माझ्या पार्किंगच्या नंबरवर पेन्सिल्व्हेनियाची एसयूव्ही मुक्कामाला होती 😀

वैशाली: हेमंत त्याबद्दल सॉरी म्हणून झालंय, चकल्यासुद्धा पोचवल्यात. विषय पानांचा आहे.

नितीन (बोर्ड): वैशालीताई, सकाळीच मॅनेजरशी बोललो. बागकामवाल्या लॅन्डस्केपरची माणसंच येत नाहीयेत. गेल्या आठवड्यात न्यू ब्रन्सविकजवळ त्यांचा ट्रक आईसवाल्यांनी (इमिग्रेशन पोलिसांनी) थांबवला, तिघांना घेऊन गेले, बाकीचे घाबरून घरात बसलेत. दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघतोय पण सगळीकडे हीच बोंब आहे. थोडा धीर धरा प्लीज.

वैशाली: अरे देवा. तो निळ्या टोपीवाला फोरमन नाही ना? सासऱ्यांची व्हीलचेअर उतरवायला स्वतःहून धावत यायचा तो

नितीन (बोर्ड): तोच. नेवार्कला डिलेनी हॉलमध्ये, आईसच्या डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलाय असं कळलं.

सतीश: वाईट वाटतं, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कागद नव्हते ना त्याच्याकडे? मग झालं. आपण सगळे रांगेत उभं राहून आलोय. फिंगरप्रिंट, स्टॅम्पिंग, लेबर सर्टिफिकेशन, आजारी वडिलांना बघायला जायचं तरी व्हिसाची धाकधूक. कायदा सगळ्यांना सारखा.

हेमंत: १००% सहमत

प्रसाद: सतीशकाका, फेब्रुवारीत अमृतसरला मिलिटरीचं विमान उतरलं ते आठवतंय ना? १०४ जण, हातापायांत बेड्या. त्यात आपले महाराष्ट्राचे पण ३ होते. टीव्हीवर बघताना पोटात कालवलं माझ्या.

सतीश: प्रसाद, माझ्याही. पण त्यांना पाठवलं कोणी? एजंटांनी. जमीन विकून पन्नास पन्नास लाख द्यायचे आणि डंकी मारायची, म्हणजे चोरवाटेने सीमा ओलांडायची. २०२३ च्या डिसेंबरात निकाराग्वाला निघालेलं अख्खं विमान फ्रान्सने व्हात्रीला अडवलं, ३०३ भारतीय होते आत, त्यातले २७६ मुंबईला परत आणून उतरवले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये गुजरातमधल्या डिंगुचाचं कुटुंब कॅनडाच्या सीमेवर बर्फात गोठून गेलं, दोन लहान मुलं होती हो. सीमा ढिली असली की हे एजंट माजतात. सीमा आवळली तर लोक वाचतील असं मला मनापासून वाटतं.

मुग्धा: सतीशदादा, एजंटांबद्दल शंभर टक्के बरोबर आणि सीमेवर शिस्त हवी हेही बरोबर. पण मी ज्या ऑफिसात काम करते तिथे रोज ह्याच केसेस बघते म्हणून विचारते, त्या फोरमनसाठी रांग होती कुठे? तुमच्या माझ्यासाठी होती कारण डिग्री होती आणि कंपनी होती. कमी शिक्षणाच्या कामगाराला ग्रीन कार्ड देणारा जो कोटा आहे तो अख्ख्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. हंगामी कामाचा एच-२बी व्हिसा आहे, त्यात लॅन्डस्केपिंगवाले येतात, पण त्याचा मूळ कोटा ६६,००० आणि हंगाम संपला की परत. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या माणसाने नेमकं कुठल्या खिडकीवर जाऊन उभं राहायचं ते सांगा.

सतीश: खिडकी नाही म्हणून भिंत ओलांडायची का? कायदा सगळ्यांना सारखा.

मुग्धा: ओलांडायची असं म्हणत नाहीये दादा. "रांगेत का नाही आलास" हे त्याला विचारण्यात अर्थ नाही एवढंच म्हणतेय.

नितीन (बोर्ड): सर्वांना विनंती, गुरुवारी ७ ला बोर्डाची मीटिंग आहे, लॅन्डस्केपिंगचा विषय अजेंड्यावर आहे. तोपर्यंत कृपया मागच्या दाराने जा-ये करा.

हेमंत: मागच्या दाराने जा-ये, आज नेमक्या ह्याच विषयावर 😂

वैशाली: हेमंत प्लीज. माणूस आत आहे तिथे.

हेमंत: बरं सॉरी. पण पार्किंगचा विषय पण अजेंड्यावर घ्या.

वसंतकाका (अनघाचे बाबा): सर्वांस नमस्कार. मी पाहुणा आहे, लेकीच्या बाळंतपणासाठी आलोय, बोलू की नको असं झालं होतं. वर्ध्याचा आहे म्हणून एक आठवण देतो. पांडुरंग सदाशिव खानखोजे आमच्याकडचे. इथे अमेरिकेत इंग्रजांविरुद्धच्या गदर पक्षात होते, इंग्रजांनी मायदेशी येण्याची वाट बंद केली, शेवटी आसरा कोणी दिला तर मेक्सिकोने. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर मोठं काम केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. आज त्या देशाचा माणूस आपल्या अंगणातली पानं उचलत होता आणि त्याला धरून नेलं, ऐकून जेवण गेलं नाही.

मुग्धा: काका किती छान सांगितलंत. आणि त्याच काळात इथलं सुप्रीम कोर्ट काय म्हणालं? १९२३ ला थिंद खटल्यात, भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाही, ज्यांना दिलं होतं अशा कित्येकांचं काढून घेतलं. ते दार परत उघडायला १९४६ उजाडलं. आपण आज कायदेशीर आहोत ते कायदा बदलला म्हणून.

सतीश: शंभर वर्षांपूर्वीचं काय सांगता मुग्धाताई, कालपरवाचं बोला. डिसेंबर २०२३, एका महिन्यात मेक्सिकोच्या सीमेवर बॉर्डर पेट्रोलने अडीच लाखांच्या आसपास माणसं पकडली. एका महिन्यात! बहुतेकांना कोर्टाची तारीख देऊन सोडलं, तारीख कधीची तर काही वर्षांनंतरची. तीस लाखांच्या वर केसेस तुंबल्यात. ह्याला देश चालवणं म्हणतात? आणि यंदा बघा, महिन्याला दहा हजारांच्या खाली. म्हणजे करायचं ठरवलं तर होत होतं. मी कोणाला मत दिलं ते लपवत नाही, ह्याच मुद्द्यावर दिलं.

मुग्धा: ते आकडे मला मान्य आहेत, २०२३ ला घोळच होता आणि बायडनने उशीर केला, जून २०२४ मध्ये निर्बंध आणले तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा ह्या तीन सिनेटरांनी दोन्ही बाजूंनी बसून सिनेटमध्ये बिल आणलं होतं ना, असायलम (आश्रय) कडक करणारं, जास्त ऑफिसर देणारं, ते कोणी पाडायला सांगितलं? ट्रम्पने. आणि दादा, सीमेवर आज येणारा माणूस वेगळा आणि इथे वर्षानुवर्षं राहून टॅक्स भरणारा वेगळा. २०२२ मध्ये कागद नसलेल्यांनी सुमारे ९७ अब्ज डॉलर टॅक्स भरला असा आयटीईपी ह्या टॅक्स अभ्यास संस्थेचा अंदाज आहे. सीमा शांत झालीय असं तुम्हीच म्हणता, मग न्यू ब्रन्सविकला ट्रक कशाला थांबवायचे? जुलैच्या बिलात सीमा आणि धरपकड ह्या सगळ्या कामाला मिळून १७० अब्ज डॉलरच्या आसपास दिलेत, आणि इमिग्रेशन कोर्टात गरिबाला सरकारी वकील मिळत नाही ते नाहीच.

सतीश: कायदा सगळ्यांना सारखा. टॅक्स भरला म्हणून सूट नाही.

वैशाली: सतीशभाऊजी तिसऱ्यांदा लिहिलंत. सारखा असेल तर त्याला ठेवणाऱ्या मालकाला कोण पकडतं ते पण लिहा की. पैसे त्याने वाचवले, फी आपली वाचली.

सतीश: हा मुद्दा मात्र पटला. १९८६ मध्ये रेगनने तोच सौदा केला होता, २७ लाख लोकांना कागद द्यायचे आणि मालकांवर कारवाई करायची. कागद दिले, कारवाई राहिली. म्हणून तर आता कोणी माफी म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. चाळीस वर्षांनी परत तेच होणार.

मुग्धा: दादा आत्ता आपण एका पानावर आलो. ई-व्हेरिफाय (कामगाराचे कागद ऑनलाइन तपासणं) सगळ्या मालकांना सक्तीचं करायचं धाडस दोन्ही पक्षांत नाही कारण शेतं, हॉटेलं, बांधकामं बंद पडतील. मग सोपं काय, तर ट्रक थांबवायचा.

हेमंत: हा ग्रुप सोसायटीचा आहे की सीएनएनचा

नितीन (बोर्ड): हेमंतचा मुद्दा योग्य आहे. राजकारण नको प्लीज.

अनघा: नितीनदादा, तुम्हाला राजकारण वाटतं, माझी झोप उडालीय. आम्ही दोघंही एच-१बी वर्क व्हिसावर, बाळाची फेब्रुवारीची डेट आहे. ट्रम्पच्या २० जानेवारीच्या ऑर्डरमध्ये लिहिलंय की आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील तर बाळ अमेरिकन नाही. आम्ही तर कायदेशीर आहोत ना सतीशकाका? रांगेत आहोत ना? ग्रीन कार्डच्या रांगेत ईबी-टू इंडियाची तारीख ह्या महिन्यात १ एप्रिल २०१३ आहे, आमची २०२१ ची. बाळ कुठल्या रांगेत?

सतीश: अगं अनघा, तुझ्यासारख्यांबद्दल नाही बोलत मी.

अनघा: पण ऑर्डरमध्ये आम्ही आहोतच काका. तेच सांगतेय.

मुग्धा: अनघा काळजी करू नको, जुलैत न्यू हॅम्पशायरच्या जजने बाळांच्या बाजूने क्लास अॅक्शनमध्ये (सगळ्यांच्या वतीने केलेल्या दाव्यात) ऑर्डरला स्थगिती दिलीय, ती आज लागू आहे. १८९८ च्या वाँग किम आर्कच्या निकालापासून इथे जन्मलेलं मूल नागरिक. पण केस सुप्रीम कोर्टात जाणारच, म्हणून कागद सगळे एका फाइलमध्ये ठेव.

प्रसाद: आणि तो सप्टेंबरचा शुक्रवार विसरलात का सगळे? एच-१बी ला एक लाख डॉलर फी म्हटल्यावर माझा रूममेट सुट्टी अर्धवट सोडून परत निघाला, लोक तर विमानातून उतरले. दुसऱ्या दिवशी म्हणे फक्त नवीन अर्जांना. तेव्हा ह्याच ग्रुपवर सगळे रडत होते, काका तुम्ही पण भाच्यासाठी फोनाफोनी करत होता.

सतीश: करत होतो. त्याच्याकडे कागद आहेत म्हणून करत होतो. कायदा सगळ्यांना सारखा असला पाहिजे हाच तर माझा मुद्दा आहे, रात्रीतून बदलणारा नको. हे पण लिहून ठेवा.

हेमंत: कोणी गेटचा कोड बदलला का? पिझ्झावाला बाहेर उभा आहे

नितीन (बोर्ड): हो, मॅनेजरने बदलला. नवीन कोड ईमेलवर आहे, ग्रुपवर टाकू नका.

वैशाली: नितीन, गेटवरून आठवलं. उद्या आईसच्या गाड्या गेटवर आल्या तर वॉचमनने काय करायचं, बोर्डाने काही ठरवलंय का? उन्हाळ्यात इथल्या वेअरहाऊसवर धाडी पडल्याच ना.

मुग्धा: घरात शिरायचं तर जजची सही असलेलं वॉरंट लागतं. त्यांचं स्वतःचं ऑफिसचं वॉरंट असतं त्यावर जजची सही नसते, दार न उघडता खिडकीतून बघा, नाव आणि पत्ता वाचा. पार्किंग, लॉबी ह्या सामायिक जागांचं बोर्डाने वकिलाला विचारून लेखी ठरवावं. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, कार्ड जवळ बाळगायचं, १८ च्या पुढच्यांना तो कायदाच आहे. ओक ट्री रोडला भाजी आणायला जाताना पण. सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टाची बंदी तात्पुरती उठवलीय, दिसणं, भाषा आणि कामाची जागा एवढ्यावरून थांबवायला जी मनाई होती ती. आपणही गोरे नाही हे लक्षात असू द्या.

वसंतकाका (अनघाचे बाबा): मी फिरायला जाताना पासपोर्ट नेऊ का?

मुग्धा: काका पासपोर्टची प्रत आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची प्रिंट खिशात ठेवा, आणि अनघाचा नंबर कागदावर लिहून.

वैशाली: मला एक मांडायचंय. फोरमनची मुलगी इथे जन्मलीय, शाळेत आहे. वकिलासाठी सोसायटीतर्फे काही देता येईल का?

सतीश: एचओएच्या पैशातून एक डॉलर नको. विरोध नोंदवून ठेवा. बोर्डाला तो अधिकारच नाही.

नितीन (बोर्ड): नियमाने सतीशरावांचं बरोबर आहे, फी अशा कामाला वापरता येत नाही.

वैशाली: मग वैयक्तिक. ज्यांना द्यायचंय त्यांनी मला वेगळा मेसेज करा. मुग्धा, त्याला काही मार्ग आहे का गं? मुलगी नागरिक आहे ना.

मुग्धा: अवघड आहे. मुलगी २१ ची होईपर्यंत अर्ज करू शकत नाही. झाली तरी तो तपासणी न करता आत आलेला, म्हणजे बाहेर जाऊन यावं लागणार, आणि वर्षाहून जास्त बिनकागद राहिलेला माणूस बाहेर पडला की दहा वर्षं बंदी. १९९६ चा कायदा, क्लिंटनने सही केलेला. आधी बाँडवर (जामिनावर) सुटतो का ते बघायचं, त्यालाही हल्ली खूप आडकाठी घालतात. वकील आजच हवा, दुसरीकडे हलवला तर शोधत बसावं लागतं.

सतीश: वैशाली, सासऱ्यांच्या व्हीलचेअरचं काही लागलं तर मला हाक मारा, मी खालीच असतो. वकिलाचं मात्र मला विचारू नका.

वैशाली: थँक्यू भाऊजी. मारीन.

हेमंत: पार्किंग अजेंड्यावर घेतलं का?

नितीन (बोर्ड): घेतलं. १) पानं २) गेट आणि वॉरंट, वकिलाचं मत ३) पाहुण्यांचं पार्किंग. गुरुवार ७ वाजता, क्लबहाऊस. मुग्धाताई तुम्ही दुसऱ्या विषयाला आलात तर बरं होईल.

मुग्धा: येते. वैशाली, त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि देश मिळवून दे, आईसच्या साइटवर शोधायला तेवढं लागतं. शक्य असेल तर आज रात्रीच.