सेरेंगेटीला फेब्रुवारीत जावे की ऑगस्टमध्ये?

भद्रावतीचा कास्तकार:
आमचे गाव ताडोब्याच्या बफरला लागून असल्यामुळे वाघ आणि रानडुक्कर हे आमच्यासाठी पर्यटनापेक्षा जागलीचे विषय आहेत. तरीही मुलाने टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा बेत काढला आहे आणि मी नाही म्हटलेले नाही. ऑगस्टमध्ये निंदण-फवारणी सोडून घराबाहेर पडणे अवघड. फेब्रुवारीत मात्र कपाशीची शेवटची वेचणी उरकलेली असते. परंतु कळप नदी ओलांडतानाची दृश्ये ऑगस्टकडचीच असतात, असे ऐकतो. फेब्रुवारीत गेल्यास रिकामे माळरान पाहून परतावे लागेल काय? माझे वय 63, पत्नीचे 58.

साकोलीकर:
काका, माळरान रिकामे नसते. कळप फक्त दुसऱ्या टोकाला असतात. सुमारे 13 लाख विल्डेबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणे) आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे पावसामागे वर्षभर फिरत राहतात, आणि फेब्रुवारीत ते दक्षिणेकडे, नडुटूच्या आखूड गवतावर उतरलेले असतात. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेची असून तिच्याखाली कठीण थर आहे. त्यामुळे मोठी झाडे मूळ धरत नाहीत, पण गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असल्याने दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच गवत मानवते. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांतच वितात, कारण एकाच वेळी एवढी पिल्ले जन्मल्यास सिंह आणि तरस खाऊन खाऊन तरी किती खाणार? वासरू जमिनीवर पडल्यापासून काही मिनिटांत उभे राहून आईमागे धावू लागते. आमच्या गोठ्यातील वासराचे लडखडणे आयुष्यभर पाहिलेल्या माझ्या आईने तेव्हा गाडीत अक्षरशः तोंडात बोट घातले.

आमची चूक झाली ती ताडोबा-नागझिऱ्याच्या सवयीची. पहिल्या सकाळी मी चालकाला इंजिन बंद करायला सांगितले आणि चितळाचा किंवा वानराचा कॉल (धोक्याची हाक) येतो तशी वाट पाहत बसलो. तो हसला आणि त्याने आकाशात उतरणाऱ्या गिधाडांकडे बोट दाखवले. आपल्याकडे बांबूच्या रानात कान लावून जनावर शोधावे लागते. तेथे मैलोन्‌मैल उघडे असल्यामुळे डोळ्यांनी शोधायचे असते. म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्र दुर्बीण न्यावी. एका दुर्बिणीवरून घरात भांडणे होतात.

उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचे, म्हणजे बफरसकट ताडोब्याच्या आठपटीहून मोठे आहे. रोज मुक्काम बदलू नका, अर्धा दिवस रस्त्यातच जातो. नडुटूला किमान तीन रात्री राहावे आणि एक दिवस न्गोरोंगोरोला द्यावा. सुमारे 600 मीटर खोल असलेल्या त्या ज्वालामुखीच्या विवरात आम्हाला दुरून काळा गेंडा दिसला. विवराच्या कडेवर पहाटे चांगलीच थंडी असते.

यवतमाळची मास्तरीण:
मी ऑगस्टमध्ये गेले होते. मारा नदीच्या काठी आम्ही दोन दिवस बसून राहिलो. पहिल्या दिवशी हजारोंचा कळप पाण्याच्या कडेपर्यंत आला, तासभर हुंगत उभा राहिला आणि मागे फिरला. दुसऱ्या दुपारी मात्र एकाने उडी घेताच बाकीचे कोसळावे तसे पाण्यात आले. ते दृश्य मी विसरणार नाही, पण काठावर गाड्यांची जी दाटी झाली होती ती पाहून एका वाघामागे लागणाऱ्या आपल्या जिप्सींची आठवण झाली. तेवढ्यासाठी ऐन हंगामात शेत सोडावे, असे मी म्हणणार नाही.

साकोलीकरांनी उद्यानाच्या मध्यभागातील सेरोनेराचा उल्लेखही केला नाही, हे मात्र पटले नाही. कळप हिंडतात, सिंहांचे गट आपापला मुलूख सहसा सोडत नाहीत. शिवाय सेरोनेरा नदीकाठच्या झाडांवर बिबट दिसण्याची शक्यता बारमाही असते. दोन रात्री तेथेही काढाव्यात. झाडीच्या भागात त्सेत्से माश्या चावतात आणि त्यांना निळा व काळा रंग ओढून घेतो, तेव्हा ते कपडे घरीच ठेवावेत.

भद्रावतीचा कास्तकार:
दोघांचेही आभार. फेब्रुवारीचे नक्की करतो. मुलाने नैरोबीमार्गे तिकीट पाहिले आहे. लसीचे काय?

साकोलीकर:
नैरोबी केनियात आहे आणि केनिया पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांत मोडतो. त्या लसीचा दाखला नसल्यास भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस फक्त शासनमान्य केंद्रांवर मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो, म्हणून जानेवारीतच उरका. साठीनंतर या लसीचे दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा अधिक असतो. तेव्हा आपण आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि त्यांनी नको म्हटल्यास काय करायचे तेही लस केंद्रातच विचारावे. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्या. चिवडा आणि शंकरपाळे डब्यात भरा. टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावरच त्या काढून घेतात.